भित्तिपत्रकातले मांजर

सकाळी शाळेचे लोखंडी फाटक मुलींना आत घेते आणि आम्हांला बाहेर ठेवून बंद होते. बंद होताना ते एक लांब, गंजका हुंदका देते. त्यानंतर आम्ही घरी जायला हवे, हे उघड आहे. पण उत्तर कोलकात्यातल्या आमच्या गल्लीत त्या हुंदक्यानंतर घरी गेलेली आई मी अजून पाहिलेली नाही. फाटकासमोर रक्षितबाबूंचा लांबलचक ओटा आहे. त्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरून आम्ही शाळा सुटेपर्यंत बसून राहतो. कोणी कुठे बसायचे हे ठरलेले असते. मुलगी चौथी ओलांडून मोठ्या शाळेत गेली, की तिची आई आपली जागा एखाद्या नणंदेला नाहीतर मावसबहिणीला देऊन जाते. संस्थानिकांनी गादी देऊन जावी तशी.

का थांबतो, असे कोणी विचारले तर आमच्याजवळ उत्तरे पुष्कळ आहेत. पोरीला ताप आला तर? डबा सांडला तर? खरे उत्तर आम्ही एकमेकींनाही सांगत नाही. आपल्या पोटचा जीव चार तास आपल्यावाचून हसतो, भांडतो, भूक लागली की आपल्या हाताने खातो, हे सत्य डोळ्यांना सोसत नाही. म्हणून आम्ही फाटकाकडे पाठ करून बसतो आणि कान मात्र तिकडे लावून ठेवतो.

ओट्यावर माणसांना स्वतःची नावे नसतात. मी पुपुलची आई. माझ्या एम.ए.च्या पदवीवर जे नाव आहे, ते आता फक्त गॅसच्या पुस्तकात भेटते. माझ्या उजवीकडे बुलटीची आई, कावेरी गुहनियोगी. तिला मात्र सगळे कावेरीदी म्हणतात, कारण तिचा आवाज ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि आवाजाला नाव लागतेच. डावीकडे, खांबाला टेकून, माकडटोपी घालून बसलेला ओट्यावरचा एकमेव पुरुष म्हणजे देवतोष सान्याल, झिनुकचे बाबा. संध्याकाळच्या कॉलेजात तो काही तास शिकवतो, बायको बँकेत. सकाळचा काळ त्याच्या वाट्याला आला आणि काळाबरोबर आम्हीही आलो. तो कवी आहे. त्याच्या कविता ज्या मासिकांत येतात, ती मासिके तो स्वतःच काढतो, आणि दुसऱ्या अंकानंतर ती मासिके विचारांशी प्रामाणिक राहून बंद पडतात.

या जानेवारीत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे बडदींनी, फाटकावर एक सूचना लावली. पालकांनी मुलींच्या शालेय जीवनात डोळसपणे सहभागी व्हावे. सरस्वतीपूजेच्या दिवशी तिसरी 'ब'च्या मुली भित्तिपत्रक काढणार आहेत, त्यांना लिहिण्यास उत्तेजन द्यावे. बडदी गेली पाच वर्षे आम्हांला ओट्यावरून उठवण्याचा प्रयत्न करीत आहेत. हातांना काम दिले की पाय घरी जातील, अशी त्यांची समजूत असावी. ती चुकीची होती.

"उत्तेजन म्हणजे नेमकं किती?" कावेरीदीने विचारले. "माझ्या बुलटीला तर वहीवर नाव घालायलाही उत्तेजन द्यावं लागतं."

"उत्तेजन म्हणजे संपादन," देवतोष खांबापासून पाठ न उचलता म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द निघाला आणि मला ओट्यावरची हवा बदलल्यासारखी वाटली. आमच्याकडे चार माणसे एका भिंतीजवळ आली की त्यांतले दोघे संपादक असतात, तिसरा राजीनामा देतो आणि चौथा त्या राजीनाम्यावर लेख लिहितो.

त्याच सकाळी मातीच्या भांड्यातला चहा संपायच्या आत संपादक मंडळ झाले. देवतोष संपादक, कावेरीदी सहसंपादक. माझे अक्षर चांगले म्हणून सगळा मजकूर शाईने उतरवून काढण्याचे काम मला मिळाले. मंडळाचे पहिले काम अंकाचे नाव ठरवणे होते. तेच शेवटचे ठरले.

"माझ्या मनात एकच नाव आहे," देवतोष म्हणाला. "क्षत."

"काय?"

"क्षत. जखम. बालपण ही एक जखमच असते, बौदी. आपण ती आयुष्यभर चाटत राहतो." तो आम्हां सगळ्यांना बौदी, म्हणजे वहिनी म्हणतो.

"अहो देवतोषदा, आठ वर्षांच्या पोरी आहेत!" कावेरीदी म्हणाली. "त्यांच्या जखमेला आपण लाल औषध लावतो आणि वर फुंकर घालतो. अंकाचं नाव 'किसलय'. कोवळी पालवी. झालं!"

"किसलय हे केसांच्या तेलाचं नाव वाटतं."

कावेरीदीने वर्तमानपत्रासकट आपली बैठक दोन हात पलीकडे सरकवली. ओटा तिथेच दुभंगला. आठवडाभर दोन्हीकडून निवेदने आली. एक रक्षितबाबूंच्या दारालाही चिकटवले गेले, आणि म्हाताऱ्याने त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ते परत केले. शेवटी वर्गशिक्षिका तपतीदी फाटकाच्या फटीतून म्हणाल्या, "जिन्याला दोन भिंती आहेत ना? दोन अंक लावा. पण कृपा करून फाटकासमोर घोषणा देऊ नका, वर्गात पाढे ऐकू येत नाहीत." अशा रीतीने तिसरी 'ब'ला दोन भित्तिपत्रके मिळाली. मुलींना याची बातमी बरीच उशिरा लागली.

माझे अक्षर एकच असल्यामुळे ते दोन्ही पक्षांना वापरावे लागले. त्यामुळे दोन्हीकडचा सगळा मजकूर माझ्या हाताखालून गेला. 'किसलय'मध्ये बुलटीच्या नावाने मातृभूमीवर सहा कडवी होती, त्यांत 'हे जननी' हे संबोधन इतक्या वेळा आले होते की जननीने कंटाळून ओ देणे सोडले असावे. 'क्षत'मध्ये कुणा एका तोतानच्या नावाने 'आरशातला अनुपस्थित मी' या शीर्षकाची मुक्तच्छंदातली रचना होती. तोतानचे पुढचे दोन दात पडले होते एवढे मला ठाऊक होते. कदाचित तेच अनुपस्थित असतील. पुपुलच्या नावाने मीही शिशिरावर एक कविता दिली. ती वाचून पुपुल म्हणाली, "हे मी कधी लिहिलं?"

"परवा."

"बरं," ती म्हणाली आणि चित्रे काढायला निघून गेली.

स्वतः लिहून आणलेला मजकूर एकच आला. तो झिनुकचा होता. शाळा सुटल्यावर तिने बाबांच्या हातात न देता तो माझ्या हातात दिला, कारण अक्षर माझे होते आणि मुलांना सत्ता कुठे असते ते बरोबर कळते. चार घड्या घातलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिले होते:

'आमच्या शाळेच्या जिन्याखाली मांजरीला चार पिल्ले झाली. तीन पिल्लांना घर मिळाले. एक उरले आहे. ते खूप खूप काळे आहे म्हणून कुणी नेत नाही. ते चावत नाही. त्याला माशाचे डोके आवडते. ज्याला हवे असेल त्याने तिसरी ब मध्ये झिनुकला भेटावे. लवकर.'

"काकिमा, हे पूजेच्या दिवशी लागेल ना?" झिनुकने विचारले. ती माझ्याकडे नाही, कागदाकडे पाहत होती. "पूजा झाली की दुसऱ्या दिवशी जिन्याखालचं सगळं साफ करणार आहेत. पोत्यात घालून पुलापलीकडे सोडणार. दरवानकाका म्हणाले."

"मग बाबांनाच का सांगत नाहीस? तुमच्याकडेच ठेवा."

"आजी म्हणते काळं मांजर आलं की घरातलं कुणीतरी जातं. तुमच्याकडे?"

आमच्याकडे सासूबाई आहेत. रस्त्यात काळे मांजर आडवे गेले, तर त्या रिक्षा परत फिरवून घरी येतात, पाणी पितात आणि मग पुन्हा निघतात. मी झिनुकला एवढेच म्हटले की बघू; आणि बघू म्हणणाऱ्या मोठ्या माणसाकडे मुले जशी बघतात, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मी तो कागद संपादकांकडे नेला. देवतोषने तो दोनदा वाचला. मग डोळे मिटले. मला वाटले, बापाचे काळीज हलले.

"आशय आहे," तो म्हणाला. "पण भाषेला अजून वेदना झालेली नाही."

"देवतोषदा, ही जाहिरात आहे. जिन्याखाली खरंच पिल्लू आहे."

"पिल्लू प्रत्येकाच्या जिन्याखाली असतं, बौदी. काळं, नकोसं, उरलेलं. प्रतिमा जबरदस्त आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे बघा, 'खूप खूप.' दोनदा! काळेपणा सांगायचा नसतो, तो जाणवू द्यायचा असतो. आणि शेवटी 'लवकर' काय? कविता घाई करत नाही."

"पण मांजराला घाई आहे."

"आणि दुसरं म्हणजे," त्याने आवाज खाली आणला, "संपादकाचीच मुलगी. उद्या पलीकडचे काय म्हणतील? मी आयुष्यात वशिला लावला नाही. माझ्या स्वतःच्या कविता मी माझ्याच मासिकातून दोनदा परत केल्यात."

आणि त्याने खरोखरच तो कागद साभार परत केला. समासात बारीक अक्षरात सूचना लिहिल्या: 'पहिले वाक्य गाळल्यास गूढता वाढेल. माशाचे डोके उत्तम. पुनर्लेखन करून पुन्हा पाठवावे. संपादक.' घरी, ताटाला ताट लावून बसून, त्याने तो आपल्या मुलीच्या हाती कसा दिला असेल, याची कल्पना मला करवत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकात शिरताना झिनुक त्याच्याकडे वळूनही न बघता आत गेली. तो मात्र समाधानात होता. "नकार पचवतेय," तो मला म्हणाला. "यातूनच लेखक घडतो."

झिनुकने नकार पचवला नव्हता. तिने बुलटीमार्फत तो कागद पलीकडे पोचवला. कावेरीदीच्या चेहऱ्यावर इतका शुद्ध आनंद मी तिच्या भाच्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"संपादकाची स्वतःची पोर! 'क्षत'ला टाकून 'किसलय'कडे! पुपुलची आई, हे मधोमध लावायचं, चारी बाजूंनी अल्पनेची रांगोळी काढून. नाव मोठ्या अक्षरात, 'झिनुक सान्याल', लांबून दिसलं पाहिजे खांबाला टेकलेल्यांना."

"लावा. पण शब्द न शब्द तसाच ठेवा, कावेरीदी. पोरीला पिल्लासाठी घर हवंय."

"हो हो, तर काय! थोडा हात फिरवते फक्त."

तिने हात फिरवला. दोन दिवसांनी मला उतरवायला मिळाली ती सोळा ओळींची वृत्तबद्ध रचना. मांजर हे षष्ठीदेवीचे वाहन असल्यामुळे तिसऱ्या ओळीत देवी अवतरली होती. चार पिल्लांची चार युगे झाली होती. काळे पिल्लू म्हणजे कलियुग. पण विद्येच्या प्रकाशात तेही अखेरीस धवल होत होते. माशाचे डोके काढून टाकले होते, कारण ते पूजेच्या दिवशी शोभले नसते.

"कावेरीदी, कुठे मिळेल ते राहिलं."

"काय कुठे मिळेल?"

"पिल्लू."

"बाई गं, तू एम.ए. ना? इतकं कसं तुझं लक्ष शब्दार्थावर!"

मी ते उतरवून काढले. माझे अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा सुंदर आले; निरुपाय असला की ते तसे येते.

पूजेच्या दिवशी फाटक आमच्यासाठी उघडले. पिवळ्या साड्यांत गुंडाळलेल्या पोरी पटांगणभर सांडल्या होत्या. साड्या आयांच्या, टाचण्या आयांच्या, पण त्या आत शिरून बसलेला उन्माद सर्वस्वी त्यांचा होता. मूर्तीपुढे वह्यापुस्तकांचे ढीग होते. पुष्पांजली वाहून झाली. बडदींनी दोन्ही भिंतींवरचे पडदे एकाच वेळी ओढले, कारण आधी कोणता ओढायचा यावर सकाळीच वाद झाला होता. जिन्याच्या एका बाजूला 'क्षत', काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरे; दुसऱ्या बाजूला 'किसलय', हिरव्या पुठ्ठ्यावर सोनेरी. टाळ्या झाल्या. त्या आम्हीच वाजवल्या.

मुली दोन्ही भिंतींच्या मधून धावत खाली जात होत्या, खिचडीच्या वासाकडे.

"बुलटी! इकडे ये, वाच बघू तुझी कविता."

"आई, आज वाचायचं नसतं!"

"अगं, ते पुस्तकं..."

"आजीनंच सांगितलंय. आज अक्षर वाचलं की देवी रागावते आणि मग वर्षभर काही आठवत नाही!"

वर्षातून एकच दिवस असा आहे, ज्या दिवशी आमच्याकडे पोरांना पुस्तकाला शिवायची मनाई असते. पोरे त्या दिवसाची वाट दुर्गापूजेइतकीच पाहतात. तेवढा एक दिवस आम्ही दोघा संपादकांसह, रीतसर विचारविनिमय करून, वाचनासाठी मान्य केला होता. कावेरीदी हिरव्या पुठ्ठ्यासमोर पदर सावरत उभी राहिली. देवतोष काळ्यासमोर. शेवटी 'क्षत'वाल्यांनी 'किसलय' वाचला आणि 'किसलय'वाल्यांनी 'क्षत', दोषांच्या शोधात, अगदी एकाग्रतेने. असा चोखंदळ वाचकवर्ग फार थोड्या नियतकालिकांच्या नशिबी येतो.

झिनुक मात्र देवीचा राग पत्करून आली. साडीचा काठ मुठीत धरून ती हिरव्या पुठ्ठ्यासमोर उभी राहिली आणि ओठ हलवत सोळाच्या सोळा ओळी वाचू लागली. कावेरीदी तिच्या मागे, डोळ्यांत पाणी येण्याच्या तयारीत. देवतोष चार पावलांवर, मान दुसरीकडे वळवून, पण सगळे शरीर कानासारखे ताणून.

"हे माझं नाही," झिनुक म्हणाली.

"अगं सोन्या, तुझंच आहे. बघ, तुझं नाव!"

"नाव माझं आहे." तिने पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले. "यात तिसरी ब नाही. झिनुकला भेटावं असं नाही. मग ज्याला हवंय त्याला कळणार कसं?"

"काय हवंय, राजा?"

मला वाटते, त्या क्षणी झिनुकने मोठ्या माणसांविषयी काहीतरी कायमचे ठरवून टाकले. ती शांतपणे माझ्याकडे आली.

"काकिमा, खळ उरलीय का?"

पुठ्ठे चिकटवून उरलेली कणकेची खळ जिन्याच्या कोपऱ्यात वाटीत होती. मी वाटी तिच्या हातात दिली. कशाला हवी, ते विचारले नाही. ती वाटी पदराखाली लपवून पटांगणाच्या त्या टोकाला, जिथे मोठ्या माणसांना जायला मनाई आहे आणि जायची इच्छाही होत नाही, तिकडे गेली. तिच्या मागोमाग पुपुल गेली. मग बुलटी, मग दात पडलेली तोतान. खिचडीच्या पंगतीत तिसरी 'ब'ची पाने बराच वेळ रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालचे झाडून काढले. फाटकातून दोन पोती कचरा बाहेर गेला, तेव्हा माझी मान आपोआप तिकडे वळली. दरवान म्हणाला, "फुटकी बाकं आणि खडूचे खोके, बौदी. मांजर? ते नव्हतंच आत. पळालं असेल."

पळाले असेल, ही किती सोयीची क्रियापदरचना आहे, असे माझ्या मनात येऊन गेले. जे आपण वाचवले नाही ते पळाले असेल. ओट्यावर कोणी त्याबद्दल बोलले नाही. ओटा दुसऱ्या अंकाच्या तयारीत गुंतला होता. वैशाखात रवींद्रजयंती येत होती आणि तेवढ्यात 'क्षत'मध्येही फूट पडण्याची चिन्हे होती.

एक-दोन आठवडे गेले. एका सकाळी देवतोष तारवटलेल्या डोळ्यांनी आला. माकडटोपीची गुंडी चुकीच्या काजात होती.

"बौदी, काल रात्री विलक्षण अनुभव आला. मी कॉलेजचे पेपर तपासत बसलो होतो. आणि घरात, कुठेतरी अगदी जवळ, कुणीतरी रडत होतं. बारीक. एखाद्या न जन्मलेल्या ओळीसारखं."

"झिनुक?"

"छे! झिनुक तर जवळच भूगोल वाचत होती, मोठ्यामोठ्यानं. इतक्या मोठ्यानं ती कधी वाचत नाही. मी तिला म्हटलं, तुला ऐकू येतंय का? ती म्हणाली, नाही बाबा, ते तुमच्या आत असेल." त्याने खिशातून कागद काढला. "आठ वर्षांची पोर! मी तिथेच एकवीस ओळी लिहिल्या."

कावेरीदी पलीकडून म्हणाली, "पोट साफ नसलं की असे आवाज येतात. ओवा खा." पण ती हे नेहमीच्या जोराने म्हणाली नाही, आणि म्हणताना तिने माझ्याकडे पाहायचे टाळले. मला ते तेव्हा खटकले नाही.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी पुपुलच्या दप्तरातून डबा काढायला हात घातला आणि माझ्या बोटांना काहीतरी उबदार, जिवंत आणि अत्यंत नाराज लागले. मी किंचाळले नाही. पुपुलने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

दप्तरात लोकरी स्कार्फच्या घरट्यात ते बसले होते. काळे म्हणजे किती काळे, हे मला सांगता येणार नाही; दप्तराच्या आतल्या अंधारात तेवढाच एक तुकडा अधिक दाट होता आणि त्याला दोन पिवळे डोळे होते.

"आज आपल्याकडे आहे," पुपुल कुजबुजली. "आपली पाळी."

"पाळी?"

"शाळेतल्या बाथरूमच्या दाराला आतून झिनुकनं कागद लावलाय ना. सगळ्यांनी वाचला. सगळ्यांना हवं होतं, पण सगळ्यांकडे आज्या आहेत. मग बुलटी म्हणाली, एकीकडे राहिलं तर सापडेल, रोज वेगळीकडे राहिलं तर कोण धरणार? म्हणून ते रोज एकेकीच्या घरी जातं. सकाळी शाळेत येतं. वर्गात ते झोपतं. काल तोतानकडे होतं. उद्या परत बुलटीकडे. झिनुककडे गेल्या आठवड्यात होऊन गेलं."

शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "पुपुलची आई, कसला गं आवाज? मांजर शिरलंय की काय घरात?"

पुपुलने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. होती ती फक्त चाचणी. आम्ही त्यांच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहतो तशी. माझ्या मुलीच्या शाळेतील आयुष्याची एक गोष्ट प्रथमच माझ्या हातात आली होती, आणि ती ऊब देत होती, आणि तिला नखे होती.

"नाही हो आई," मी म्हणाले. "पुपुल पाठांतर करतेय."

रुई माशाच्या रश्श्यातले डोके त्या संध्याकाळी ताटात वाढताना कमी भरले. सासूबाईंनी कोळणीला शिव्या दिल्या.

शनिवारी सकाळी दप्तर मी खांद्याला लावले. आमच्याकडे दप्तरे आयाच वाहतात. पोरी फाटकापर्यंत मोकळ्या चालतात आणि तिथे आपले ओझे ताब्यात घेतात. मी दप्तराची चेन दोन बोटे उघडी ठेवली होती, श्वासापुरती. आत डबा नव्हता, तो मी हातात धरला होता. पाठीवर ते पिल्लू झोपेत कूस बदलत होते आणि प्रत्येक वळणाला मी माझी चाल बदलत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोतानच्या आईने कालचे दप्तर असेच पाठीवर आणले असेल. झिनुकचे दप्तर तर त्या शहाण्या संपादकाने स्वतःच्या खांद्यावर घेऊन, एकवीस ओळी म्हणत म्हणत आणले असेल.

फाटक अजून उघडले नव्हते. ओट्यावर सभा जमली होती. देवतोष उभा राहून रवींद्रजयंतीच्या अंकाची भूमिका मांडत होता, "आपल्याला प्रश्न विचारायचा आहे तो मौनाला..." आणि तो मौन म्हणाला त्याच क्षणी माझे दप्तर म्याव म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. गल्लीत ऐकू जाईल असे.

देवतोष थांबला. त्याने बोट वर केले. "ऐकलंत? तोच आवाज!"

मी ओट्याकडे पाहिले. तोतानची आई वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली, तिची चप्पल बिनपट्ट्याची होती. तिच्या पलीकडची एकाएकी खोकली. तिसरीने शाल डोक्यावर ओढून घेतली आणि माझ्या दप्तराच्या चेनकडे, त्या दोन बोटांच्या फटीकडे, ओळखीने पाहिले. कुणीही चकित झाले नव्हते. आठवणीत प्रथमच तो ओटा पूर्ण गप्प होता. आणि इतक्या बायकांना एकच गोष्ट ठाऊक असून ती कुणीच कुणाला सांगितलेली नव्हती.

"कुणीच ऐकलं नाही?" देवतोष काकुळतीला आला. "पुपुलची आई, तुमच्या अगदी जवळून..."

दप्तर दुसऱ्यांदा तोंड उघडणार हे मला पाठीवर कळले. कावेरीदीलाही कळले असावे. आजच संध्याकाळी ते पुन्हा तिच्याकडे जायचे होते. ती ताडकन उठली, पदर खोचला, माझ्या आणि देवतोषच्या मधे येऊन उभी राहिली आणि मातृभूमीवरची आपली सहा कडवी, पहिल्या 'हे जननी'पासून, भर गल्लीत खणखणीत आवाजात म्हणू लागली. एकेक करत आम्ही सगळ्या तिला साथ देऊ लागलो. फाटक हुंदका देत उघडले तरी आम्ही थांबलो नाही, आणि त्या गदारोळात पुपुलने माझ्या खांद्यावरून दप्तर अलगद उतरवून घेतले.